तुला सांगायचं राहिलं, की… : श्रद्धेवर सहभागी कलाकृती कशी उभी करावी

पहिल्या वेळी मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवर सहा फूट रुंद पांढरा फळा लावला होता. वर ठळक अक्षरांत प्रश्न लिहिला होता, ‘तुम्ही देव मानता का?’ खाली दोरीला बांधलेले काळे मार्कर. संध्याकाळी फळा उतरवला तेव्हा त्यावर 29 उत्तरं होती आणि त्यातली 19 नुसती ‘हो’ किंवा ‘नाही’. एकाच्या उत्तरावर दुसऱ्यानं काट मारली होती. दुपारी एक वयस्कर बाई बराच वेळ मार्कर हातात धरून फळ्यासमोर उभ्या होत्या. मग त्यांनी टोपण लावलं, मार्कर सोडला आणि निघून गेल्या. त्यांना काहीतरी लिहायचं होतं, पण माझ्या प्रश्नात त्याला जागाच नव्हती. पुढची सगळी वर्षं मी त्या बाईंसाठी जागा करायला शिकते आहे. त्यातलं जे हाती लागलं ते इथे सांगते, कारण श्रद्धेसारख्या विषयावर लोकांना सोबत घेऊन काही करावं असं अनेकांना वाटतं आणि बहुतेक जण माझ्यासारखेच फळ्यापासून सुरुवात करतात.

सहभागी कला म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. कलाकार वस्तू पूर्ण करून समोर ठेवत नाही. तो एक मांडणी करतो, एक कृती सुचवतो आणि येणाऱ्या माणसांच्या हातून काम पुरं होतं. जपानी कलाकार योको ओनो 1996 पासून जगभर ‘विश ट्री’, म्हणजे इच्छांची झाडं, उभी करत आल्या आहेत. एक झाड असतं, कागदाचे तुकडे आणि दोरे असतात. इच्छा लिहायची, घडी घालायची, फांदीला बांधायची. लहानपणी जपानमधल्या मंदिरांच्या आवारात झाडांना बांधलेल्या चिठ्ठ्या दुरून पांढऱ्या फुलांसारख्या दिसत, ही त्यांची आठवण या कामामागे आहे. लोक आले नाहीत तर तिथे नुसतं एक झाड उरतं. श्रद्धेचंही असंच काहीसं आहे. बाहेरून बघणाऱ्याला तिच्यातलं फार थोडं दिसतं, म्हणून हे माध्यम या विषयाला जवळचं वाटतं.

प्रश्न आधी घडवा

बहुतेक लोक आधी जागा शोधतात, मग साहित्य घेतात आणि प्रश्न शेवटच्या रात्री लिहितात. मी म्हणेन, निम्मा वेळ प्रश्नाला द्या.

‘मानता का?’ या प्रश्नावर माणूस बाजू घेतो. बाजू घेतली की ती सांभाळावी लागते. ‘तुमच्यासाठी श्रद्धा म्हणजे काय?’ हा प्रश्न सभ्य आहे, पण त्याला भाषणाची सवय आहे. लोक चांगली वाक्यं लिहितात आणि स्वतः त्यात कुठेच नसतात. अर्धवट सोडलेलं वाक्य जास्त काम करतं. कलाकार कँडी चँग यांनी 2011 मध्ये न्यू ऑर्लीन्समधल्या एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला आणि तिच्यावर ‘मरण्यापूर्वी मला…’ अशा अर्थाचं अपुरं वाक्य ओळीनं छापून खडू ठेवले. पुढे जगभर अशा भिंती झाल्या. त्या वाक्यात कोणताही धर्म नाही आणि तरीही मरणाचा उल्लेख सुरुवातीलाच आहे. रिकामी जागा भरायला माणसाचा हात आपसूक पुढे येतो.

मराठीत अपुरं वाक्य रचताना एक अडचण येते, तिच्याकडे लक्ष द्या. आपली क्रियापदं लिंग सांगतात. ‘मी अजूनही वाट पाहतो/पाहते’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं की तो सरकारी फॉर्म होतो आणि त्या दोन्हींत न बसणारं माणूस तिथेच थांबतं. म्हणून वाक्य ‘मला’ किंवा ‘माझ्या’वर तोलून धरा. ‘मला अजूनही वाटतं, की…’, ‘माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं तेव्हा…’ अशी.

माझं आजचं वाक्य आहे, ‘तुला सांगायचं राहिलं, की…’. ते कसं सापडलं ते सांगते. माझा भाऊ अतिदक्षता विभागात होता तेव्हा मी नऊ रात्री बाहेरच्या बाकावर काढल्या. मी स्वतःला श्रद्धाळू म्हणत नाही. तिसऱ्या की चौथ्या रात्री लक्षात आलं, की माझ्या मनात सारखं कुणाशी तरी बोलणं चालू आहे. ‘तू एवढं कर’, ‘तू ऐकतोयस ना’. तो ‘तू’ कोण होता, हे मला आजही ठरवता येत नाही. आपल्या भाषेत देवालाही ‘तू’, आईलाही ‘तू’, गेलेल्या मित्रालाही ‘तू’ आणि आरशातल्या स्वतःलाही ‘तू’च. एवढ्या अंतरावरच्या सगळ्यांना एकाच शब्दात हाक मारता येते, ही मराठीची मोठी देणगी आहे. त्या ‘तू’ला नाव देऊ नका. कुणी देवाला लिहितं, कुणी वडिलांना, कुणी न जन्मलेल्या बाळाला. पट्टीचा नास्तिक आणि रोज प्रार्थना करणारा माणूस एकाच टेबलावर, एकच वाक्य समोर घेऊन बसतात आणि कुणालाच खोटं बोलावं लागत नाही.

प्रश्न तयार झाला की तीन माणसांना दाखवा. एक मनापासून श्रद्धा असलेलं, एक श्रद्धा सोडून बाहेर पडलेलं आणि एक या वाटेला कधीच न गेलेलं. तिघांपैकी एकाला जरी उत्तर देताना अवघडल्यासारखं झालं, तर वाक्य बदला. मांडणीही याच तिघांना दाखवा. माझ्या दुसऱ्या कामात मी चिठ्ठ्या बांधायची दोरी मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर लावली होती. लोकांनी वाकावं, वाकल्यावर काही जाणवावं, अशी माझी कल्पना होती. त्या तिघांतले श्रद्धाळू गृहस्थ दोरीकडे बघून शांतपणे म्हणाले, “मी एकाच ठिकाणी वाकतो.” मी दोरी छातीच्या उंचीवर घेतली. जमिनीपासून 110 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही तिथवर हात पोचतो.

उधार घेतलेले विधी

इथे बरेच जण घसरतात. समकालीन कलेत ‘आध्यात्मिक’ वातावरण हवं म्हणून एका धर्माची ज्योत, दुसऱ्याची माळ, तिसऱ्याचा घंटानाद असं सगळं एकत्र मांडलं जातं. ज्यांच्या जगण्यात त्या वस्तू आहेत, त्यांना त्या सजावटीत बघून बोचतं आणि ज्यांच्या नाहीत, ते बिचकतात. मी पाणी, दोरा, कागद, दगड, खिडकीतला उजेड एवढ्यावरच भागवते. यातल्या कोणत्याच गोष्टीवर कुणा एकाची मालकी नाही. पूर्ण तटस्थ मात्र काहीच नसतं. पांढरा रंग कुठे लग्नाचा, कुठे सुतकाचा. पादत्राणं काढायला सांगितलं की काहींना आदर वाटतो, काहींना सक्ती. म्हणून शक्य तिथे दोन पर्याय ठेवा आणि कारणं देत बसू नका.

विधी उसना न घेता नवा घडवता येतो, याचा मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम दाखला अमेरिकेतल्या एड्स स्मृती-गोधडीचा आहे. कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकारानं 1987 मध्ये ती सुरू झाली. प्रत्येक तुकडा एड्सनं गेलेल्या एका माणसासाठी, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा आणि तो शिवणारे हात त्या गेलेल्या माणसाच्या जवळच्यांचे. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर 1,920 तुकडे अंथरले गेले. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घडी केलेले चौकोन एकेक पाकळी उघडावी तसे उलगडत होते आणि नावं मोठ्यानं वाचली जात होती. अनेक घरांनी आणि प्रार्थनास्थळांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांच्यासाठी हे घडत होतं. यातून दोन गोष्टी उचला. मापाला अर्थ द्या. आणि वस्तू उघडण्याची, बंद करण्याची रीत ठरवा आणि ती प्रत्येक वेळी तशीच पाळा. विधीला वजन येतं ते पुन्हा पुन्हा केल्यानं.

खोली, माणसं, वेळ

जागा शक्यतो प्रार्थनास्थळ नको, कारण बाहेरचे उंबऱ्यावर थबकतात. कलादालनही पहिल्यांदा नको. तिथे श्रद्धाळू माणसाला आपल्याकडे कुतूहलानं बघितलं जाईल अशी भीती असते. वाचनालय, शाळेचं सभागृह, रिकामा वर्ग यांत दोघंही सारखेच पाहुणे असतात.

एका वेळी 12 माणसं, 40 मिनिटं. जास्त झाली की कुजबुज सुरू होते. चारपेक्षा कमी असली की प्रत्येकाला आपण उघडे पडलोय असं वाटतं. टेबलावर मऊ हातकागदाचे तुकडे, सगळे एकाच मापाचे (माझे 10 बाय 15 सेंटिमीटर), टोक काढलेल्या पेन्सिली आणि हातभर कापून ठेवलेला सुती दोरा. पेन ठेवू नका. पेन्सिलीनं लिहिताना माणूस खोडायला मोकळा असतो, म्हणून जास्त खरं लिहितो. पेन्सिलीचं दुसरं कारण शेवटी येईल.

मी सुरुवातीला एवढंच बोलते, “या कागदावरचं वाक्य पुरं करा किंवा करू नका. चित्र काढलं तरी चालेल, कोरा ठेवला तरी चालेल. तीनदा घडी घाला, दोऱ्यानं बांधा. समोर दोन दोऱ्या आहेत. डावीकडे बांधलेलं कुणीही वाचू शकतं. उजवीकडे बांधलेलं कुणीच वाचणार नाही, मीसुद्धा नाही. शेवटी त्यांचं काय होईल ते दारावर लिहिलंय. मध्येच उठून जायचं असेल तर जा, सांगायची गरज नाही.” यापुढे यजमानानं बोलू नये. शांततेत लोक अस्वस्थ होतात आणि आपल्याला ती भरून काढावीशी वाटते. तीन मिनिटं थांबा. कुणीतरी एक पेन्सिल उचलतं, मग बाकीचे उचलतात.

कोरा कागद बांधणाऱ्याला ‘काही सुचलं नाही का?’ असं चुकूनही विचारू नका. माझ्या अनुभवात कोऱ्या चिठ्ठ्यांना लोक सगळ्यात जास्त वेळ लावतात. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी तुम्ही लेखनिक होऊ नका. त्याला घडी घालू द्या, गाठ मारू द्या. गाठ मारताना ओठ हलतात, तेवढं पुरे आहे.

यजमान कुठे बसतो, यालाही महत्त्व आहे. 2010 मध्ये कलाकार मरीना अब्रामोविच न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जवळपास तीन महिने, संग्रहालय उघडं असेल तेव्हा, खुर्चीत गप्प बसून राहिल्या आणि समोरच्या खुर्चीत कुणीही येऊन बसावं, असं ते काम होतं. सुरुवातीला मधे टेबल होतं. पुढे त्यांनी ते काढून टाकलं. मीही आधी टेबलाच्या प्रमुख जागी बसत असे, परीक्षकासारखी. आता मी दाराजवळ स्टुलावर बसते आणि माझी एक चिठ्ठी दर वेळी सगळ्यांबरोबर लिहिते. ज्या कामात तुम्ही स्वतः काही ठेवत नाही, तिथे दुसऱ्याकडून मागू नका.

फोटो काढू नका. निधी देणाऱ्यांना, आयोजकांना फोटो हवे असतात. लोक यायच्या आधी आणि गेल्यानंतर काढून द्या. लटकलेल्या चिठ्ठ्या पुरेशा बोलक्या असतात.

कुणी रडलं तर पाण्याचा ग्लास पुढे करा, सोबत बसा, सल्ला देऊ नका. आपण समुपदेशक नाही. एका प्रशिक्षित समुपदेशकाशी आधी बोलून त्यांचा संपर्क जवळ ठेवा आणि गरज पडली तर द्या.

ठेव

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते.

तिसऱ्या कामापर्यंत माझ्याकडे एकच दोरी होती. समारोपाला मी काही चिठ्ठ्यांचे दोरे सोडवून त्या मोठ्यानं वाचत असे. नावं नसायची, म्हणून मला त्यात गैर काही दिसत नव्हतं. तिसऱ्या कामाच्या समारोपाला मी एक चिठ्ठी वाचली, चारच ओळींची, एका मुलीबद्दलची. माझा आवाजही चांगला लागला होता. वाचून मान वर केली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची शेजारीण त्यांच्याकडे बघत होती आणि तिला कळलेलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या बाईंनी ते ‘तू’ला लिहिलं होतं. मी ते खोलीला वाचून दाखवलं. नंतर मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, हे माझ्यापर्यंत पोचलं नाही आणि ते पोचवणं ही त्यांची जबाबदारीही नव्हती.

लोक अशा कामात जे सोडून जातात ती ठेव असते. कलासाहित्य म्हणून तिच्याकडे बघू नका. ठेव घेणाऱ्यानं तीन गोष्टी आधी सांगायच्या असतात. कोण बघेल, किती दिवस राहील आणि शेवटी तिचं काय होईल. दारावरच्या कागदावर हे मोठ्या अक्षरांत लिहा आणि एकदा लिहिलं की त्यात बदल करू नका, कितीही चांगली कल्पना सुचली तरी.

ली मिंगवेई या तैवानमध्ये जन्मलेल्या कलाकाराचं 1998 मधलं पत्रलेखनाचं काम मला त्या प्रसंगानंतर फार जवळचं झालं. आजी गेल्यावर तिला सांगायचं राहिलेलं सगळं ली पत्रांतून लिहीत होते, त्यातून हे काम आलं. लाकूड आणि धूसर काचेचे तीन कक्ष आहेत. एकात उभं राहून, एकात बसून, एकात गुडघ्यावर बसून लिहायचं. कृतज्ञता, उमज आणि क्षमा यांच्यासाठी. लिहिणाऱ्यानं पाकीट बंद करून त्यावर पत्ता घातला, तर संग्रहालय ते टपालात टाकतं. उघडं ठेवलं, तर नंतर येणारे ते वाचू शकतात. म्हणजे वाचायची परवानगी लिहिणाऱ्याच्याच हातात राहते, त्यासाठी त्याला वेगळं काही बोलावंही लागत नाही. माझ्या दोन दोऱ्या या विचारातून आल्या. दोन दोऱ्या झाल्यापासून उजवी दोरी नेहमी जास्त भरते. आणि डाव्या दोरीवर लोक बेधडक लिहितात, कारण ती त्यांनी निवडलेली असते.

डावीकडच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांसाठी एक नियम ठेवा. वाचली की पुन्हा त्याच घडीवर घडी घालून, त्याच दोऱ्यानं बांधून परत लावायची. यात वेळ जातो आणि तो जाऊ द्या. अनोळखी माणसाचं दुःख पुन्हा नीट बांधून ठेवताना बोटं सावकाश होतात. चिठ्ठी वाचताना माणूस जेवढा हलतो, त्याहून जास्त ती बांधताना हललेला मी पाहिला आहे.

निरोप

शेवट कसा करायचा, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. ओनोंच्या झाडांवरच्या इच्छा गोळा करून आइसलँडमधल्या व्हिडे बेटावर, 2007 मध्ये उभ्या राहिलेल्या ओनोंच्याच इमॅजिन पीस टॉवर या प्रकाशाच्या स्तंभाशी जपल्या जातात. अमेरिकी शिल्पकार डेव्हिड बेस्ट यांचा मार्ग उलटा आहे. अमेरिकेतल्या वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन या कला-उत्सवात 2000 पासून त्यांनी लाकडी मंदिरं बांधली. त्यात लोक गेलेल्यांची नावं, पत्रं, फोटो ठेवतात आणि शेवटी ते सगळं जाळलं जातं. मार्च 2015 मध्ये त्यांनी असंच मंदिर उत्तर आयर्लंडमधल्या डेरी ऊर्फ लंडनडेरी या शहरात बांधलं. त्या शहरात होळ्या पेटत त्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधला दुरावा ठळक करणाऱ्या. तिथेच दोन्हीकडच्या लोकांनी आपापली दुःखं एका लाकडी भिंतीवर लिहिली आणि ती एकत्र जळताना पाहिली. जपणं आणि जाळणं, दोन्ही खरे निरोप आहेत. निवड मांडणीवर सोडा, पण ‘बघू नंतर’ असं म्हणू नका. नंतर त्या चिठ्ठ्या कुणाच्या तरी कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून राहतात. माझ्या चिठ्ठ्यांच्या पहिल्या दोन कामांचं तसंच झालं होतं.

मी आता पाणी वापरते. डावी दोरी एक महिना त्या जागेवर राहते. उजवी दोरी त्याच संध्याकाळी उतरते. आलेल्यांपैकी ज्यांना थांबायचं असेल ते थांबतात. प्रत्येक चिठ्ठीचा दोरा कात्रीनं कापायचा, घडी न उघडता ती पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडायची. कागद रात्रभर भिजतो. सकाळी तो हातानं कुस्करून, मग थोडा थोडा मिक्सरमधून फिरवून त्याचा लगदा करते. लगद्यात एकही अक्षर उरत नाही, हे दोन जणांनी मिळून तपासावं. पेन इथेच नडतं. काही शाया पाण्यात पसरतात आणि नव्या कागदावर निळे-जांभळे डाग पाडतात. शिसं तसं करत नाही, ते लगद्यात मिसळून जातं.

लाकडी चौकटीवर बारीक जाळी ठोकून घ्या. पातळ केलेल्या लगद्यात चौकट आडवी बुडवून सपाट उचलायची, पाणी निथळू द्यायचं, मग सुती कापडावर पालथी टाकून वरून स्पंज दाबायचा. कापडासकट सावलीत वाळवा, उन्हात कडा वळतात. दोन दिवसांनी कागद कापडापासून अलगद सुटतो. साधारण 40 चिठ्ठ्यांचे माझे 25 ते 30 नवे तुकडे होतात. ते पूर्ण पांढरे नसतात. सगळ्यांच्या पेन्सिलीचं शिसं त्यांत असतं, म्हणून किंचित करडे दिसतात. ते मापात कापून ठेवते आणि पुढच्या वेळी टेबलावर तेच मांडते.